दातातलं लोखंड

जुलै २०२४ मध्ये बातमी आली की कोमोडो ड्रॅगनच्या दातांवर लोहाचा थर असतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या ॲरन लेब्लांक यांच्या गटाचं हे संशोधन. मला घोरपडींची आवड आहे हे ओळखीच्यांना ठाऊक असल्यामुळे ती बातमी बऱ्याच जणांनी मला पाठवली. बातमीसोबतचा फोटो बघण्यासारखा होता. मागे वळलेला दात, त्याच्या टोकाला आणि कडेच्या बारीक दात्यांवर स्पष्ट नारिंगी रंग. तो रंग लोहाचा.

जगातली ही सगळ्यात मोठी घोरपड. इंडोनेशियातली कोमोडो, रिंचा, फ्लोरेस आणि आसपासची लहान बेटं, एवढंच तिचं राज्य. नर तीन मीटरपर्यंत वाढतो, वजन सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जातं. हरणं, रानडुकरं, प्रसंगी म्हैससुद्धा खातो. अशा जनावराच्या तोंडात लोखंड असतं म्हटल्यावर माणसांना ते पटकन पटतं. एवढ्या क्रूर शिकाऱ्याला शोभेल असंच ते वाटतं. माझ्या मनात मात्र त्याच वेळी आमच्या देवगड तालुक्यातल्या कातळावरचा दोन-तीन सेंटिमीटरचा एक जीव आला. त्याच्या तोंडातही लोह आहे आणि ते कोमोडोपेक्षा कितीतरी जास्त आहे. तो कुणाला चावत नाही. आयुष्यभर एकाच दगडावर राहून शेवाळ खातो. तेव्हापासून हे दोघे माझ्या डोक्यात एकमेकांशेजारी बसून आहेत.

आधी कोमोडोचं सांगते. त्याला साधारण साठ दात. भक्ष्यात दात रुतवून तो जबडा मागे ओढतो आणि मांस फाडून काढतो. हाडं चावून मोडणं हे त्याचं काम नव्हे, चिरणं हे त्याचं काम. (त्याच्या लाळेतल्या सडक्या जंतूंमुळे भक्ष्य मरतं असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचं दाखवलं. तरी जंतूंची गोष्ट अजून सगळीकडे ऐकू येते.) चिरण्यासाठी धार हवी, आणि त्याच्या दातावरचं एनॅमल तर अगदी पातळ. मग लोह आहे कुठे? सगळ्या दातावर नाही. झीज सर्वांत जास्त जिथे होते तिथे, टोकावर आणि दात्यांच्या ओळीवर. आमच्याकडचे जुने लोहार कोयता घडवताना अख्खा कोयता पोलादाचा करत नसत. पोलाद महाग, म्हणून ते धारेपुरतं बसवायचे आणि बाकीचं पातं साध्या लोखंडाचं ठेवायचे. कोमोडोच्या दातात हाच हिशेब आहे. दात कॅल्शियमचा, म्हणजे तुमच्या-माझ्या दातांसारखाच, आणि फक्त धारेला लोह.

दातात लोह असणं ही प्राण्यांत फार दुर्मीळ गोष्ट नाही. आपल्याकडच्या साळिंदराचे पुढचे दात नारिंगी असतात ते लोहामुळेच. माडाची रोपं कुरतडून टाकली म्हणून त्याला शिव्या देताना ते कुणी बघत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांतही मगरी आणि इतर घोरपडी यांच्या दातांत थोडं लोह असतं, पण इतकं कमी की रंगावरून कळत नाही. कोमोडोत ते डोळ्यांना दिसण्याइतकं साठलेलं आहे, आणि नेमक्या जागी साठलेलं आहे. शोधाचं महत्त्व त्या नेमकेपणात आहे.

आता आमच्या कातळावर या.

उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे, पाणी लांब जातं आणि एरवी न दिसणारा काळा दगड उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत तेवढी मजा नाही. त्या उघड्या दगडावर बायका कोयती घेऊन कालवं फोडायला येतात. कालवांच्या वरच्या अंगाला, पाणी फार वेळ नसतं तिथे, लहान लहान शंकू दगडाला चिकटून बसलेले असतात. बसक्या टोपडीच्या आकाराचं एकच कवच, त्याच्यावर शेंड्यापासून कडेपर्यंत उतरणाऱ्या रेघा, रंग दगडाचाच. इंग्रजीत यांना लिंपेट म्हणतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सर्रास आढळणारी जात म्हणजे सेलाना रेडिएटा. जातीने हा गोगलगाईचा भाऊबंद, मृदुकाय. बाजारात याला किंमत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षही नाही.

एकदा मी तिथे उकिडवी बसून बघत होते, तर कालवं काढणाऱ्या एका मावशीने हटकलं.

“काय गो बाय, काय बघतंस?”

“हे शंकू बघतेय, मावशी. यांना तुम्ही काय म्हणता?”

“त्येंका काय म्हणतले? ता कोण खायत नाय. फातराक चिकटान ऱ्हवता. काढूक गेलंस तर फुटता, पण सुटना नाय.”

एका वाक्यात तिने त्याचा अर्धा स्वभाव सांगितला. तो खरंच सुटत नाही. ओहोटीला स्नायूंच्या पायाने दगडाला घट्ट धरून कवचाची कड दगडावर टेकवतो आणि आतलं पाणी सांभाळतो. पुष्कळ लिंपेटांची दगडावर ठरलेली जागा असते. वर्षानुवर्षं तिथेच बसून त्यांच्या कवचाची कड दगडाच्या त्या जागी अशी जुळते की दुसऱ्या कुठल्या जागी ते कवच तसं बसणार नाही. दगड मऊ असेल तर दगडात खळगा पडतो, कठीण असेल तर कवच झिजून दगडाचा आकार घेतं. पाणी चढलं की लिंपेट तिथून निघतो, आजूबाजूला चरतो आणि परत त्याच जागी येतो. चरतो हाच शब्द इथे बरोबर आहे. दगडावर डोळ्यांना जेमतेम दिसणारा शेवाळाचा पापुद्रा असतो, तो खरवडणं हे त्याचं जेवण. ओल्या दगडावर तिरकं ऊन पडलं की त्याच्या चरण्याच्या नागमोडी खुणा दिसतात.

आणि हे खरवडणं तोंडातल्या एका लांब पट्टीने होतं. तिला रॅड्युला म्हणतात. युरोपातल्या सामान्य लिंपेटमध्ये ही पट्टी कवचाच्या लांबीपेक्षाही लांब असते. आत घडी घालून ठेवलेली. तिच्यावर दातांच्या शंभराहून जास्त ओळी. दर वेळी ती बाहेर येते, दगडावर फिरते, आत जाते. शेवाळासोबत दगडाचा बारीक चुराही पोटात जातो. अशा कामाला साधा दात किती टिकेल? लिंपेटचा दात एक मिलिमीटरहूनही लहान असतो. कुर्लीच्या कवचाला चिवटपणा देणारा जो पदार्थ, त्याच पदार्थाच्या मऊ सांगाड्यात लोहखनिजाचे अतिसूक्ष्म धागे ओवलेले असतात, दाटीवाटीने आणि एकाच दिशेने. त्या खनिजाचं नाव गोथाइट. जर्मन कवी गटे याला खनिजांचा नाद होता, त्याच्या सन्मानार्थ ते नाव दिलं गेलं.

२०१५ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या एसा बार्बर आणि सहकाऱ्यांनी या दातांचे केसाहून कितीतरी बारीक तुकडे कापून ते ताणून बघितले. ताण सहन करण्याची त्यांची ताकद तीन ते साडेसहा गिगापास्कल भरली. एवढा आकडा नुसता वाचून काही बोध होत नाही, म्हणून मी तो उलगडून पाहिला. पाच गिगापास्कल ताकदीच्या पदार्थाची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार केली, तर ती जवळजवळ ५०० किलो वजन तोलून धरेल. तोवर सजीवांनी बनवलेल्या पदार्थांत कोळ्याच्या धाग्याचा मान पहिला होता. तो या दाताने घेतला. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली, ती मला आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. एरवी कुठलाही पदार्थ मोठ्या तुकड्यात कमकुवत होतो, कारण मोठ्या तुकड्यात दोषही जास्त असतात. लिंपेटच्या दाताची ताकद तुकड्याच्या आकारानुसार घटली नाही. धाग्यांची रचनाच अशी की लहानसहान दोषांनी तिचं काही बिघडत नाही.

गोथाइट हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते कुठल्यातरी लांबच्या देशातलं खनिज असणार असं वाटेल, इतकं परकं होतं. पण आमच्या घराच्या भिंती गोथाइटच्या आहेत. अतिशयोक्ती नाही ही. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे आणि जांभ्याचा पिवळसर तपकिरी रंग म्हणजे गोथाइट, तांबडा रंग म्हणजे हेमॅटाइट. जांभा तयार होतो तो पावसामुळे. मुळातला काळा दगड लाखो वर्षं उन्हापावसात कुजतो, त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारे घटक पाणी धुऊन नेतं, आणि न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. खाणीतून चिरा काढताना तो ओला आणि मऊ असतो, वाऱ्यावर पडला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरम इथला असा दगड बघून त्याला लॅटराइट नाव दिलं, तेव्हा लोकांनी तो मऊ असताना कापून विटांसारखा वापरलेला पाहूनच दिलं होतं. आमच्या सड्यावरचा, म्हणजे पठारावरचा, सगळा कातळ हाच. पाऊस तो लाखो वर्षं घडवत आला. तेच खनिज खालच्या खडकावर बसलेला हा जीव आपल्या तोंडात घडवतो. दिवसाला दातांची साधारण एक ओळ, फार तर दोन दिवसांना एक.

यासाठी लागणारं लोह तो आणतो कुठून, तर खाल्लेल्या शेवाळातून आणि पाण्यातून. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोह अत्यल्प असतं. ते कणाकणाने गोळा करायचं, रक्तातून दातांच्या कारखान्यापर्यंत न्यायचं आणि तिथे योग्य वेळी, योग्य दिशेने त्याचे स्फटिक वाढवायचे. भट्टी नाही, ताप नाही. जे काही होतं ते समुद्राच्या पाण्याच्या उबेत.

लिंपेटच्या शेजारी कधी कधी त्याचा एक चुलतभाऊ सापडतो, कायटन. लांबट, चपटा, पाठीवर एकामागे एक आठ पट्ट्यांचं चिलखत. दगडाच्या सांदीत आणि उलथलेल्या दगडाखाली शोधावा लागतो. त्याची कथा लिंपेटहून जुनी आणि माझ्या मते जास्त थक्क करणारी आहे. १९६२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या हाइन्झ लोवेनस्टाम यांनी दाखवलं की कायटनच्या दातांची टोकं मॅग्नेटाइटची असतात. मॅग्नेटाइट म्हणजे लोहचुंबकाचा दगड. तोवर भूशास्त्रज्ञांची ठाम समजूत होती की हे खनिज प्रचंड उष्णतेतच तयार होतं, लाव्हा थंडावताना किंवा जमिनीच्या पोटात. एक मऊ अंगाचा प्राणी ते किनाऱ्यावर बसून बनवतो हे सहज पटण्यासारखं नव्हतं. सजीवाने मॅग्नेटाइट बनवल्याचा तो पहिला पुरावा. पुढे जिवाणूंमध्ये, माशांमध्येही ते सापडलं, पण वाट दाखवली कायटनच्या दाताने. लोवेनस्टाम यांचा जन्म १९१२ चा. त्याच वर्षी जावामधल्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पीटर औवेन्स यांनी कोमोडोचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. योगायोगच, पण माझ्या डोक्यातल्या या दोन प्राण्यांना तो आणखी जवळ आणतो.

कायटनची दातांची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर दात बनण्याची सगळी प्रक्रिया एका ओळीत मांडलेली दिसते. मागच्या टोकाला नुकतेच तयार झालेले दात रंगहीन, त्यांत खनिज अजून भरलेलं नाही. थोडं पुढे ते तांबूस तपकिरी होतात, तिथे लोह येऊन बसलं आहे. आणखी पुढे काळे, मॅग्नेटाइट तयार. दगडावर प्रत्यक्ष घासले जातात ते अगदी पुढच्या काही ओळींतले दात. बाकीची सगळी पट्टी म्हणजे तयारी. काळ्या दाताचीही एक बाजू जास्त कठीण, दुसरी तिच्यापेक्षा मऊ. मऊ बाजू आधी झिजते, कठीण बाजूची कड उभी राहते, म्हणून वापरता वापरताच धार लागत जाते. ती धार बोथट होऊन दात निकामी झाला की पुढची ओळ गळते आणि मागची तिच्या जागी सरकते.

हे वाचलं तेव्हा मी घरामागच्या काळ्या दगडाकडे नव्याने बघितलं. दख्खनचा हा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो थंड होताना त्यात मॅग्नेटाइटचे कण तयार झाले आणि त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांनी धरून ठेवली. भारताचा भूखंड दक्षिणेकडून सरकत इथवर आला हे शास्त्रज्ञांना कळलं त्यात या कणांची साक्ष मोठी आहे. तोच काळा दगड आमच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरतो आणि तिथे त्याच्यावर बसलेला कायटन त्यातलंच खनिज स्वतः बनवून त्याच्याच अंगावर घासतो. लाव्हाला त्यासाठी हजार अंशांहून जास्त ताप लागला.

सड्यावरही लोह आपलं अस्तित्व दाखवतं. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे गावाच्या सड्यावर जांभ्यात कोरलेली एक मनुष्याकृती आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकणच्या कातळशिल्पांपैकी ती एक. तिथे होकायंत्र ठेवलं की सुई आपली दिशा सोडते. ज्या माणसांनी ती आकृती कोरली त्यांच्याकडे होकायंत्र नव्हतं. पण दगडाशी त्यांचं नातं आपल्यापेक्षा जवळचं होतं, एवढं त्या रेघांवरून कुणालाही कळेल.

तर कोमोडो आणि लिंपेट. दोघांना मी समोरासमोर ठेवते ते जिंकण्या-हरण्यासाठी नाही, पण मत मात्र माझं आहे आणि ते लिंपेटच्या बाजूचं आहे. कोमोडोने लोह वरून चढवलं, तेही धारेपुरतं. लिंपेटने दात घडवतानाच तो लोहाचा घडवला. कोमोडोकडे पाठीचा कणा आहे, हाडं आहेत, कॅल्शियमचे दात आहेत. त्याच्या पूर्वजांकडून जे मिळालं त्यावर त्याने एक सुधारणा केली. लिंपेटकडे हाडच नाही. आणि त्याच्यासमोर हरणाचं मांस नव्हतं, दगड होता. मांस चिरायला जेवढी धार लागते त्याच्या कितीतरी पट दगड खरवडायला लागते. म्हणून मला वाटतं, लोखंडी दात म्हटल्यावर आपल्या मनात जी हिंसा येते ती चुकीच्या जागी आहे. सजीवांच्या तोंडातलं सगळ्यात मजबूत हत्यार शेवाळ खाणाऱ्याकडे आहे.

तरी एका गोष्टीत दोघे अगदी सारखे आहेत, आणि ती मला त्यांच्या लोहापेक्षा जास्त जवळची वाटते. इतकी मेहनत घेऊन बनवलेला दात दोघांपैकी कुणीच जपून ठेवत नाही. कोमोडोचा एकेक दात साधारण चाळीस दिवसांत पडतो. त्याच्या मागे हिरडीत चार-पाच दात एकामागे एक तयार होत असतात. लिंपेट आणि कायटन रोज-दोन रोजांनी पुढची ओळ टाकतात. धार टिकवायची तर कठीण पदार्थ एवढाच उपाय नाही, सतत नवा दात हाही आहे, आणि दोघांनी दोन्ही उपाय एकत्र वापरले. साठ कोटी वर्षांच्या आसपास त्यांचे पूर्वज एकमेकांपासून वेगळे झाले. तेव्हा कुणालाच दात नव्हते. म्हणजे दोघे आपापल्या वाटेने इथे पोहोचले. आपण माणसं दोनदाच दात उगवतो आणि दुसऱ्यांदा आलेल्यांना साठ-सत्तर वर्षं सांभाळायला धडपडतो.

कोमोडोचं आमच्याकडचं भावंड म्हणजे आपली साधी घोरपड. पावसाळा संपता संपता गडग्यावर ऊन खात पडलेली दिसते, पाऊल वाजलं की सरपटत सांदीत जाते. किडे, गोगलगाई, कुर्ल्या, अंडी, उंदीर, जे मिळेल ते खाते. बागायतीला तिच्याइतका उपयोगी पाहुणा कमी. ती कुणाच्या अंगावर येत नाही. तरी तिला मारणारे हात अजून कमी झालेले नाहीत. मांसासाठी मारतात, कातड्यासाठी मारतात. गोव्याच्या घुमट या वाद्यावर पूर्वी घोरपडीचंच कातडं चढायचं, आता बकऱ्याचं चढतं. २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला तो या बदलानंतरच, आणि मला तो बदल कुठल्याही दर्जापेक्षा मोठा वाटतो. वाद्य राहिलं, जनावरही राहिलं. याच्या उलट ‘हत्था जोडी’चा धंदा. दुर्मीळ वनस्पतीचं मूळ आणि घरात ठेवलं की पैसा येतो, असं सांगून जे विकलं जातं ते प्रत्यक्षात नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. २०१७ मध्ये हा व्यवहार उघडकीला आला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीने, घोरपडीचं नाव आहे. मारणाऱ्याला ते ठाऊक नसतं असं नाही. कुणी विचारणार नाही याची त्याला खात्री असते. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. इंडोनेशियात कोमोडो बघायला जग लोटतं. १९८० मध्ये त्याच्यासाठी राष्ट्रीय उद्यान झालं, १९९१ मध्ये ते जागतिक वारशात गेलं. २०२१ मध्ये तो धोक्यातल्या जातींच्या यादीत वर सरकला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. त्याच्याच कुळातल्या, आपल्या दारातल्या घोरपडीच्या वाट्याला काठी.

लिंपेटच्या वाट्याला तर तेवढंही नाही. त्याला कुठल्या अनुसूचीची जागा नाही आणि त्याच्यासाठी कुणी भांडत नाही. बंधाऱ्यासाठी किनाऱ्यावर नवे दगड ओतले जातात, जुना कातळ त्यांच्याखाली जातो. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रातून डांबराचे गोळे वाहून येतात आणि पुळणीवर, खडकांवर चिकटून बसतात. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हाचं तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं. अशा वेळी बातमीत मच्छीमार येतात, ते यायलाच हवेत. खडकावरच्या शंकूंचं काय झालं हे कुणी बघायला जात नाही.

ते बघितलं गेलं आहे, पण दुसऱ्या देशात. मार्च १९६७ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ टॉरी कॅनियन नावाचं तेलवाहू जहाज खडकावर आपटलं. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर तेल पसरलं. ते घालवायला टनावारी रसायनं फवारली गेली, आणि तेलाने मेले नसते एवढे लिंपेट त्या रसायनांनी मेले. काही महिन्यांत ते खडक हिरवेगार झाले. चरणारंच कुणी उरलं नव्हतं, तेव्हा शेवाळ वाढत गेलं, त्यावर मोठी समुद्री वनस्पती वाढली. लिंपेट आणि शेवाळ यांचा तोल पूर्वीसारखा व्हायला दहा वर्षं लागली, काही ठिकाणी पंधरा.

ही गोष्ट मी त्या मावशीला सांगितली, कातळावरच, ती कालवं काढत असताना. जहाजाचं नाव वगैरे सोडून. त्याच्या दातात लोखंड असतं हेही सांगितलं. त्यावर ती फक्त “आसतला,” म्हणाली. खडक हिरवे झाले म्हटल्यावर मात्र तिने हातातली कोयती थांबवली.

“मगे? थंयची माणसां घसरली आसतली.”

मला क्षणभर कळलं नाही. मग तिने जेटीच्या बाजूच्या खडकाकडे बोट केलं. तिकडे बोटींचं डिझेल सांडतं, सदा काहीतरी धुतलं जातं. तो खडक वर्षभर बुळबुळीत असतो. बायका तिकडून उतरत नाहीत, वळसा घालून इकडून येतात.

“थंय पाय ठेवू नको,” ती म्हणाली. “थंय ती नाय हत.”